विंडोजचं अपडेट अडकलंय? कोकणातल्या घरच्या संगणकासाठी पायरीपायरीने

चार वर्षांपूर्वी, मृग नुकता लागला होता तेव्हाची गोष्ट. रात्री संगणक बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ असं दिसलं. मी ते दाबलं आणि जेवायला बसले. आकडा तीस टक्क्यांवर असताना लाईट गेली. ती परत आली तेव्हा पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, मग काळोख, मग पुन्हा ठिपके, एवढंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी संगणक तालुक्याच्या गावी दुरुस्तीला दिला. तिथे मला न विचारता तो फॉरमॅट केला. संगणक सुरू झाला, पण बाबांनी वर्षभर बसून स्कॅन केलेले सात-बारा, फेरफार, आजोबांच्या हातची कलमांच्या हिशेबाची वही, सगळं गेलं. नंतर शिकत गेले तेव्हा समजलं की शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय विंडोजमध्येच असते आणि त्यात आपल्या फाइलींना हात लागत नाही. ती वापरून बघायला वीस मिनिटं पुरली असती.

मी दापोली तालुक्यात राहते. त्या दिवसानंतर आमच्या वाडीतले आणि पाहुण्यांकडचे बरेच संगणक मी स्वतः बसून सोडवले. त्यातून एक पक्कं समजलंय. आपल्याकडे अपडेट बिघडतं त्याचं कारण बहुतेक वेळा विंडोजच्या बाहेरचं असतं: लाईट, घड्याळ, नेट आणि जागा. त्यामुळे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला धावण्याआधी या चार गोष्टी बघा. खालचा क्रमही तसाच लावलाय.

हाताशी काय हवं

- एक वही आणि पेन. कोड, तारीख, आपण काय केलं ते लिहायला.
- किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह.
- बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, किंवा निदान महत्त्वाच्या फाइली मावतील असा दुसरा मोठा पेनड्राइव्ह.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. कुणी भाच्याने खातं उघडून दिलं असेल तर त्याला आत्ताच विचारून ठेवा.
- दुसरा चालू फोन. संगणक बंद पडल्यावर वाचायला आणि शोधायला तोच राहतो.
- संगणक खरेदीचं बिल. वॉरंटी शिल्लक असेल तर ते लागतं.
- संगणक डेस्कटॉप आणि जुना असेल तर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो.

सुरुवात करण्याआधी कागदपत्रं, फोटो आणि हिशेब त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. यात चालढकल करू नका. माझ्या बाबांचं एक वर्ष या एका कामाअभावी गेलं.

१. आधी लाईटची सोय करा

अपडेट बसत असताना वीज तोडणं यापेक्षा वाईट काही नाही. फाइली उतरत असताना, म्हणजे डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर फारसं बिघडत नाही. उरलेलं पुढे चालू होतं. पण निळ्या किंवा काळ्या पडद्यावर टक्के सरकत असताना गेली तर विंडोजच्या फाइली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या अशा राहू शकतात.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच अपडेट करा. डेस्कटॉपला लहान यूपीएस लावा. त्यावर पंधरा मिनिटं निघाली तरी उपयोग आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. तो नॉर्मलवर असेल तर लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या त्या क्षणात पंखा फिरत राहतो, पण संगणक बंद होऊन परत सुरू होतो. आमच्याकडे हे कळायला दोन पावसाळे गेले. संगणक त्या लाइनवर असेल तर खटका यूपीएसच्या बाजूला ठेवा.

वेळही बघा. मे अखेर ते मृगाचा पहिला जोर, आणि परतीच्या पावसातल्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हे विजांचे दिवस. गडगडायला लागलं की अपडेट सुरू करूच नका. प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी वायरही काढा. वीज त्या वायरीतूनही आत येते. मी अपडेट सकाळी करते. त्या वेळी आमच्याकडे व्होल्टेज नीट असतं आणि पुढे दिवस हाताशी असतो.

२. संगणकाचं घड्याळ बघा

हे वाचून काहींना नवल वाटेल, पण बंद घरांतल्या संगणकांत मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडलंय. चाकरमानी शिमग्याला येऊन जातात, घर बंद होतं, ते थेट गणपतीला उघडतं. इतके महिने प्लग काढलेला असतो. संगणक बंद असताना वेळ सांभाळतो तो आतल्या पाटावरचा तो नाण्याएवढा सेल. तो संपला की सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते.

मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी बोलताना संगणक तिचं सुरक्षा-प्रमाणपत्र तपासतो, आणि त्याला मुदत असते. संगणकाच्या मते आज २०१५ साल असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. मग अपडेट शोधतानाच चूक येते. बऱ्याचदा तिचा कोड ०एक्स८००७२एफ८एफ असतो. बँकेची आणि इतर संकेतस्थळंही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. लोक मात्र नेटला दोष देत बसतात.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’ उघडा. टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. तारीख फारच मागे असेल तर आधी हाताने नीट करा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे गेली तर सेल बदला. प्लग काढून, डबा उघडून, जुना सेल कोणत्या बाजूने बसला होता याचा फोटो काढून मगच हात लावा. लॅपटॉपचा सेल घरी बदलू नका.

३. नेट: हॉटस्पॉटचा दीड जीबी पुरत नाही

फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. इथे दोन उलट तऱ्हांनी घोळ होतो.

काहींच्या संगणकात ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायचं, असं लावलेलं असतं. तसं असलं की विंडोज बहुतेक अपडेटं उतरवतच नाही, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. काहींचं तसं लावलेलं नसतं. मग बाकी कामं चालू असताना रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो आणि अपडेट अर्ध्यावर लटकतं.

मी असं सुचवेन. रोजच्या वापरात हॉटस्पॉट मीटर्डच ठेवा. महिन्यातून एकदा, घरी फायबर असलेल्या कुणाकडे संगणक नेऊन किंवा फोनचा डेटा खास त्यासाठी राखून, विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मीटर्ड कनेक्शनवर उतरवायची परवानगी चालू करा आणि काम झाल्यावर बंद करा. तिथेच ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे. त्यात इतर संगणकांना फाइली देण्याची सोय बंद करा, नाहीतर तुमचा डेटा दुसऱ्यांच्या अपडेटसाठी खर्च होऊ शकतो.

दिवस कोणता धरायचा? महिन्याचं मुख्य सुरक्षा-अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे आपल्याकडे त्या मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास. मी चार-पाच दिवस थांबते. काही गडबड असेल तर तोवर बाहेर येते.

आणि बंद घर उघडल्यावर घाबरू नका. ही मासिक अपडेटं एकावर एक रचलेली असतात, शेवटच्यात आधीची सगळी येतात. सहा महिने चुकले म्हणून सहा अपडेटं उतरवायची नसतात.

रेंजच नसेल तर आणखी एक वाट आहे. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून आपल्या विंडोजची आवृत्ती बघा आणि लिहून ठेवा. मुंबईहून येणाऱ्याला ती कळवा. त्याने ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या अधिकृत संकेतस्थळावरून त्या आवृत्तीचं अपडेट पेनड्राइव्हवर आणायचं. एकाच अपडेटसाठी दोन फाइली दिल्या असतील तर दोन्ही आणायच्या. दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरून अपडेटची फाइल घेऊ नका.

४. जागा

सी ड्राइव्हवर मासिक अपडेटसाठी १० जीबी आणि वर्षाच्या मोठ्या अपडेटसाठी २० जीबी मोकळी असावी, असं मी धरून चालते. कमी पडली की ०एक्स८००७००७० हा कोड येतो.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ‘टेम्पररी फाइल्स’ या वाटेने जा आणि साफसफाई करा. पण एक सापळा लक्षात ठेवा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक नाव असतं. ते तात्पुरतं काही नाही, ते तुमचं डाउनलोडचं फोल्डर आहे. ऑनलाइन काढलेले दाखले, शाळेचे अर्ज, बिलांच्या पीडीएफ तिथेच पडलेल्या असतात. त्यावर खूण करू नका. तसंच ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ काढून टाकलं तर जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट बंद होते. नवीन आवृत्ती नीट चालतेय याची खात्री झाल्यावरच ते काढा.

५. कोड उतरवून घ्या

चारही गोष्टी ठीक आहेत, तरी चूक येते? मग ‘अपडेट हिस्टरी’ उघडा आणि अपयशी अपडेटचा केबीने सुरू होणारा क्रमांक आणि आलेल्या चुकीचा कोड वहीत लिहा. कोड इंग्रजी अंकाक्षरांत दिसेल. शोधताना तो जसाच्या तसा टाइप करा.

०एक्स८००७२ईई२ म्हणजे वाट बघून वेळ संपली, म्हणजे बहुधा नेट. ०एक्स८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या साठ्यातल्या फाइली बिघडल्यात. त्यासाठी थेट सातव्या पायरीवर जा.

कधी कधी चूक तुमची नसतेच. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ आलं होतं. ज्यांच्या डिस्कवरचा दुरुस्तीचा राखीव भाग लहान होता त्यांच्याकडे ते ०एक्स८००७०६४३ दाखवून पुन्हापुन्हा पडत राहिलं, आणि मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं. अशा वेळी रात्रभर डोकं आपटून काही निघत नाही. म्हणून कोड मिळाला की आधी तो शोधा. बाकीच्यांनाही तेच येत असेल तर दोन आठवडे थांबा.

६. ट्रबलशूटर, मग अर्धवट फाइली बाजूला करा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ट्रबलशूट, ‘अदर ट्रबलशूटर्स’ आणि तिथे ‘विंडोज अपडेट’समोर ‘रन’. विंडोज १० मध्ये ते ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली आहे. हे झालं की संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्याने नाही झालं तर उतरलेल्या अर्धवट फाइली बाजूला करू. लाईट आणि रेंज जाऊन-येऊन या फाइली कुजतात, दुसरा शब्द नाही.

स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. यादीत ‘विंडोज अपडेट’वर उजवं क्लिक करून ‘स्टॉप’ करा. तसंच ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ही थांबवा. आता सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ नावाचं फोल्डर आहे, त्याचं नाव बदला, शेवटी ‘जुने’ अशा अर्थाचं काही जोडा. पुसू नका, नावच बदला. फोल्डर वापरात आहे असं म्हणाला तर सर्व्हिस परत चालू झालीय, पुन्हा थांबवा. मग संगणक रीस्टार्ट करा. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवतं. अपडेटचा इतिहास रिकामा दिसेल, ते अपेक्षितच आहे.

इथेच आणखी एक सापळा सापडतो. दुकानातून घेतलेल्या जुन्या किंवा जोडून दिलेल्या संगणकांत ‘विंडोज अपडेट’ सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेली असते, गिऱ्हाईकाला त्रास नको म्हणून. तसं असेल तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘मॅन्युअल’ करा. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये विंडोज अधिकृत आहे का हेही बघून घ्या.

मुदत संपलेला, पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका. विंडोजचा स्वतःचा आपोआप चालू होतो. प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्हही अपडेटपुरते काढून ठेवा.

७. विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती

विंडोज ११ ची नवी आवृत्ती असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ असं एक बटण आहे. ते विंडोज नव्याने बसवतं पण फाइली आणि प्रोग्राम ठेवतं. बरंच डाउनलोड होतं, म्हणून चांगलं नेट हवं. नवख्यांनी हेच वापरावं असं माझं मत आहे.

ते बटण नसेल तर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. पहिली आज्ञा: डीआयएसएम, एक जागा, तिरकी रेघ लगेच ऑनलाइन, एक जागा, तिरकी रेघ लगेच क्लीनअप-इमेज, एक जागा, तिरकी रेघ लगेच रिस्टोअरहेल्थ (सलग एक शब्द). तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. ही आज्ञा नेटवरून चांगल्या फाइली आणते. अधेमधे एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते, थांबू द्या. ती संपल्यावर दुसरी: एसएफसी, एक जागा, तिरकी रेघ लगेच स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका, कारण दुसरी आज्ञा पहिलीने नीट केलेल्या साठ्यातूनच फाइली घेते.

८. टक्के पुढेच सरकत नाहीत

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट तीन तास घेऊ शकतं. डब्यावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. ‘अनडूइंग चेंजेस’ असं आलं तरी बंद करू नका, तो आपणहून जुन्या स्थितीत परत जातोय. दिवा विझलेला, आवाज नाही आणि आकडा पाच-सहा तास तोच, अशा वेळीच बटण दाबून धरा.

९. संगणक सुरूच होत नाही

मी ज्या जागी अडकले होते ती ही. इथे हातपाय गाळू नका. आधी पेनड्राइव्ह आणि प्रिंटर काढा. संगणक सुरू करा. कंपनीचं चिन्ह येऊन ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं.

तिथून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. महिन्याच्या अपडेटने बिघडलं असेल तर ‘क्वालिटी अपडेट’, आवृत्तीच बदलताना बिघडलं असेल तर ‘फीचर अपडेट’. दुसऱ्याची मुदत साधारण १० दिवसांची असते, म्हणून वाट बघत बसू नका. त्याने नाही झालं तर त्याच पडद्यावरचं ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा.

तिथेच ‘रिसेट धिस पीसी’ही दिसेल. घाईत ते दाबू नका. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळं जाणार. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फाइली राहतात, पण आंब्याच्या बिलांचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम उडतो.

या वाटेवर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणक सुरू होतानाच ही किल्ली मागायला लागले होते. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संगणक चालू आहे तोवरच फोनवरून खात्यात जा, ती वहीत उतरवा आणि वही कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. ती नसेल तर डिस्क कुणालाही उघडता येत नाही, अगदी मायक्रोसॉफ्टलाही नाही.

संगणक सुरू झाला की लगेच विंडोज अपडेटमध्ये जाऊन दोन-तीन आठवड्यांचा ‘पॉज’ लावा. नाहीतर तेच अपडेट रात्री परत येईल.

१०. विंडोज १० अजून वापरत असाल तर

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतर काहीच येत नाही म्हणून ‘अपडेट बिघडलंय’ असं समजून मला दोन घरांतून बोलावणं आलं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. विंडोज अपडेटच्या पानावरच ‘एन्रोल’ दिसतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं साधन तुमचा संगणक बसतो की नाही ते सांगतं. बसत नसेल तर आडवाटेने बसवून देणाऱ्यांपासून लांब राहा. पुढची अपडेटं त्यावर मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

फोन नंबर दिसला की थांबा

अपडेट अडकलं की माणूस घाईघाईने शोधतो, आणि तिथेच फसवणारे बसलेले असतात. ‘तुमचा संगणक लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ असा पडदा आला तर तो खोटा. चूक कळवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कुणाच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

नवव्या पायरीनेही सुरू झाला नाही, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतोय, तर पुढे घरी काही करू नका. नेण्याआधी वहीतून कोड, तारीख आणि केलेल्या पायऱ्या एका कागदावर उतरवा आणि त्यावर ठळक लिहा: ‘फॉरमॅट करू नये. आधी डेटा काढून द्यावा.’ त्याची एक प्रत संगणकावर चिकटवा, दुसऱ्या प्रतीवर दुकानदाराची सही घ्या. डेटा काढायला तुमची हार्ड डिस्क सोबत द्या, आणि तो मिळाल्यावर तिथेच दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फोटो आणि पीडीएफ उघडून बघा. ते उघडले की मग फॉरमॅटला हो म्हणा.